व्यासपीठावरून व्यसनाबद्दल बोलणाऱ्यांनो, ते घोरणंही सांगा

सप्रेम नमस्कार,

शाळा-कॉलेजांच्या सभागृहांत ‘व्यसनांचे दुष्परिणाम’ या विषयावर बोलायला जाणाऱ्या सगळ्यांना हे पत्र आहे. तुमच्यात डॉक्टर आहेत, पोलीस अधिकारी आहेत, समुपदेशक आहेत, निवृत्त शिक्षक आहेत आणि व्यसनातून बाहेर आलेली माझ्यासारखी माणसंही आहेत. मी गर्दवर होतो. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, म्हणजेच भेसळ केलेलं हेरॉईन. चार वर्षं ओढलं. आता अकरा वर्षं झाली, त्याला शिवलेलो नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे काही ठिकाणी मी तिरकं बोलणार आहे.

अकरावीत असताना आमच्याकडेही असंच एक व्याख्यान झालं होतं. पडद्यावर एकामागून एक चित्रं: सुयांनी चाळण झालेले दंड, काळी पडलेली बोटं, स्ट्रेचरवरचं प्रेत. वक्ते म्हणाले, “गांजा असो, चरस असो, गर्द असो, एकदा चव घेतलीत की संपलात!” सभागृह चिडीचूप. माझ्या शेजारी माझा मित्र बसला होता. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची आई अजून आहे. तो वर्षभर गांजा ओढत होता आणि नुकताच सहामाहीत वर्गात पहिला आला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि ओठ दाबून हसला. हा माणूस थापा मारतोय, हे त्याला स्वतःवरूनच कळलं होतं. मग गांजाबद्दल थापा मारणारा गर्दबद्दल तरी खरं कशावरून बोलत असेल? पुढच्या दोन-तीन वर्षांत आम्ही दोघांनी त्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या अंगावर शोधलं.

त्या वक्त्यांना मी दोष देत नाही. माणूस कळकळीचा होता, बोलताना त्याचा आवाज थरथरत होता. पण ‘एकदा घेतलं की संपलं’ हे वाक्य खोटं आहे आणि ते खोटं असल्याचं समोर बसलेल्या निदान चार-पाच मुलांना पक्कं ठाऊक असतं. नेमकी तीच मुलं, ज्यांच्यासाठी तुम्ही आलेले असता. बाकीचे टाळ्या वाजवतात आणि तुम्हाला वाटतं व्याख्यान रंगलं.

१९९४ साली अमेरिकेतल्या एका देशव्यापी पाहणीवरून काढलेले आकडे प्रसिद्ध झाले. एखादा पदार्थ आयुष्यात कधीतरी घेतलेल्यांपैकी कितीजण पुढे त्याच्या आहारी गेले, याचे. तंबाखू ३२ टक्के, हेरॉईन २३, कोकेन १७, दारू १५, गांजा-चरस ९. हे आकडे आता मला पाठ आहेत. पहिल्यांदा वाचले तेव्हा मात्र चक्रावलो होतो, कारण यादीत सर्वांत वर हेरॉईन नव्हतंच. आमच्या त्या वक्त्यांनी भाषण संपल्यावर आवाराबाहेर जाऊन जी पेटवली, ती वस्तू होती.

तुम्ही म्हणाल, असं सांगितलं तर पोरं हिशोब करतील, की गांजा ओढणाऱ्या शंभरातले एक्याण्णव सुटतात, मग मीही सुटेन. करतील, काहीजण नक्की करतील. पण मग पुढचंही सांगा ना. कोण सुटणार आणि कोण नाही, हे आधी कुणालाच कळत नाही. व्यसन जडण्याच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असतो आणि तो काही कपाळावर लिहिलेला नसतो. जितक्या लहान वयात सुरुवात, तितका धोका जास्त, कारण आवर घालणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. लहानपणी मारहाण किंवा अत्याचार सोसलेल्यांना, आधीच नैराश्याशी झगडणाऱ्यांना धोका आणखी मोठा. आणि व्यसन जडलं नाही म्हणजे काहीच झालं नाही, असंही नाही. १९८७ साली स्वीडनमधल्या लष्करभरतीच्या पंचेचाळीस हजारांहून जास्त तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भरतीच्या वेळेपर्यंत पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा-चरस ओढलेल्यांमध्ये पुढच्या पंधरा वर्षांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं. आमच्या वर्गात पहिल्या आलेल्या पोराला हे कुणी सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. त्याला आकडे आवडायचे.

नुसत्या धाकानं काय होतं, हेही तपासून झालंय. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये पोलीस आणि शाळांनी मिळून ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातले अधिकारी वर्गात येऊन मुलांना ‘नाही म्हणायला’ शिकवायचे. तो अमेरिकाभर पसरला. अनेक अभ्यास एकत्र करून १९९४ साली त्याचा हिशोब मांडला गेला, तेव्हा मुलांच्या नशा करण्यावर त्याचा परिणाम जवळपास नसल्यासारखाच दिसला. ज्या कार्यक्रमांत मुलांना बोलू दिलं जायचं, प्रश्न विचारू दिले जायचे, त्यांची कामगिरी त्याहून बरी होती. अखेर ‘डेअर’ला आपला अभ्यासक्रम बदलावा लागला.

आता मुद्द्याचं. मजा येते, हे सांगायला तुम्ही घाबरता. मी सांगतो. पहिल्या वेळी मला आधी उलटी झाली. आणि मग असं वाटलं, की आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मागे कुणीच लागलेलं नाही. परीक्षा, वडील, मी स्वतः, सगळे दाराबाहेर थांबलेत. अंगात ऊब, डोक्यात शांतता. हे सांगितल्यानं कुणी गर्दकडे धावत नाही. उलट, ‘यात काहीच मजा नसते’ असं ऐकून आलेल्या पोराला जेव्हा ती मजा येते, तेव्हा तुमचं बाकीचं सगळं भाषण त्याच क्षणी रद्द होतं.

ती ऊब येते कुठून, हे सांगण्यासारखं आहे. १९७३ मध्ये मेंदूत अफूवर्गातल्या पदार्थांसाठीचे रिसेप्टर सापडले, म्हणजे जणू त्यांच्याच मापाची कुलपं. आता खसखशीच्या बोंडासाठी निसर्ग आपल्या डोक्यात कुलपं कशाला बसवेल? म्हणजे किल्लीही शरीरातच असणार. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, ती मिळाली: एन्केफॅलिन, वेदना शमवणारं शरीराचं स्वतःचं रसायन. गांजाच्या बाबतीतही तसंच झालं. १९९२ मध्ये मेंदूत आपोआप तयार होणारं तसं रसायन सापडलं आणि शोधणाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड, चक्क संस्कृतातल्या ‘आनंद’वरून. (हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही मान वर करतात. वापरून बघा.) शरीर या रसायनांचा थेंब थेंब जपून वापरतं. नशा म्हणजे त्याच कुलपांवर बादलीभर ओतणं.

आणि मग डोपामिन. त्याला ‘सुखाचं रसायन’ म्हणायची पद्धत पडली आहे, पण त्यानं घोटाळा होतो. ते मेंदूला सांगतं: हे महत्त्वाचं आहे, ध्यानात ठेव, पुन्हा कर. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या मेंदूच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलं, की एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवी असणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि व्यसनात दुसरी सुजत जाते, पहिली नाही. हे वाचलं तेव्हा मला माझ्या शेवटच्या वर्षाचा अर्थ लागला. त्या वर्षी मला गर्द आवडत नव्हतं. पन्नी, म्हणजे ज्यावर गर्द ओढतात तो चंदेरी कागद, हातात घेताना मळमळायचं, स्वतःची किळस यायची. पण हवं होतं. वडील विचारायचे, “आवडतं तरी काय तुला त्यात?” मी म्हणायचो, “काहीच नाही.” त्यांना ते खोटं वाटायचं. चार वर्षांत त्यांच्याशी मी जे काही बोललो, त्यातलं तेवढं एक उत्तर खरं होतं.

‘काहीच नाही’चा आणखी एक अर्थ असतो. रोजच्या पुरापुढे मेंदू आपले दरवाजे लहान करतो, रिसेप्टर कमी करतो, आवाज खाली आणतो. मग फक्त नशाच नव्हे, सगळंच फिकं लागतं. गाणं, मित्र, पावसाचा वास. सोडल्यावर पहिले काही महिने हेच सर्वांत अवघड जातं. शरीराचा त्रास आठवड्यात सरतो, पण हे फिकेपण रेंगाळतं. ते जातं मात्र. मेथाम्फेटामिन हे उत्तेजक घेणाऱ्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये डोपामिनच्या यंत्रणेची झालेली हानी वर्ष-सव्वा वर्ष नशामुक्त राहिल्यावर बरीचशी भरून येताना दिसली आहे. तुमच्या स्लाइडवर बिघडलेल्या मेंदूचं चित्र असतंच. त्याच्याशेजारी हे दुसरंही लावा.

शरीराच्या त्रासाला आमच्या भाषेत टर्की म्हणतात. टर्की कशी असते, ते जवळून सांगतो. शेवटच्या दमानंतर सहा-आठ तासांनी एक जांभई येते. झोपेची नसते ती. मग दुसरी, तिसरी, जबडा दुखेपर्यंत. नाकाडोळ्यांतून पाणी. अंगावर काटा येतो आणि तो जातच नाही. चादरीची घडी कातडीला बोचते. पाय आपोआप झटके देतात, रात्रभर, सायकल चालवल्यासारखे. जुलाब. पोटात पिळा. डोळ्यांतल्या बाहुल्या, ज्या नशेत टाचणीच्या टोकाएवढ्या असतात, त्या आता विस्फारलेल्या. हे सगळं होतं कारण गर्दनं मेंदूतली एक स्प्रिंग महिनोन्‌महिने दाबून ठेवलेली असते. जागं ठेवणारी, धोका ओळखणारी, नॉरॲड्रेनालिनवर चालणारी यंत्रणा. हात काढला की ती उसळते. दोन-तीन दिवस कळस, मग हळूहळू उतार.

इथे एक गोष्ट पालकसभेत तरी आवर्जून सांगा, कारण ती मी फार उशिरा शिकलो. गर्दची टर्की भयंकर असते, पण जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आटू दिलं नाही तर एरवी धडधाकट माणूस त्यानं सहसा मरत नाही. दारूची आणि झोपेच्या, चिंतेच्या काही गोळ्यांची मात्र जिवावर बेतू शकते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला ‘आता बघतो कसा पितो ते’ म्हणून खोलीत कोंडलं, तर एक-दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात आणि दोन-चार दिवसांत डेलिरियम: थरथर, ताप, भिंतीवर नसलेले किडे दिसणं. हे घडतं ते घरच्यांच्या मायेतूनच. अशा माणसाची दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच सुटली पाहिजे.

बाकीच्या पदार्थांचं शरीराशी असलेलं वैर मी भराभर सांगतो, तुम्हाला ते माझ्याहून जास्त ठाऊक असणार. कोकेन हृदयाच्या धमन्या आवळतं, त्यामुळे तरण्याताठ्या माणसालाही हृदयविकाराचा झटका येतो. मेथाम्फेटामिनसारखी उत्तेजकं झोप आणि भूक खातात, आणि मग संशय: कुणीतरी पाळतीवर आहे, कातडीखाली काहीतरी वळवळतंय. सॉल्व्हंट, म्हणजे थिनर-व्हाइटनरसारखी द्रावणं, हुंगणाऱ्या मुलाचं हृदय पहिल्याच वेळीही बंद पडू शकतं. पहिल्याच वेळी मरण येऊ शकतं अशा गोष्टींत मी हे वरच धरतो आणि भाषणांत याचंच नाव सर्वांत कमी ऐकू येतं. केटामिन मूत्राशय सडवतं. एकाच सुईनं टोचणाऱ्यांना एचआयव्ही, हिपॅटायटिस सी. गर्दचा धूर फुप्फुसांना काय करतो, ते मी जिने चढताना अजून अनुभवतो.

पण तुमच्या भाषणांतला सर्वांत जुनाट शब्द म्हणजे इच्छाशक्ती. ‘मनात आणलं तर माणूस काय करू शकत नाही?’ ज्यानं पहाटे तीनला, तापात, अनवाणी, कुठून तरी पैसे उभे करून माल मिळवलाय, त्याच्याकडे इच्छाशक्ती कमी आहे असं तुम्हाला खरंच वाटतं? ती भरपूर असते. तिचं सुकाणू दुसऱ्याच्या हातात गेलेलं असतं. सोडून दीड वर्ष झालं होतं, तेव्हाची गोष्ट. मी घरी वाचत बसलो होतो. आतल्या खोलीत आईनं डोकेदुखीची गोळी काढायला पाकिटाची चंदेरी पट्टी फाडली. चर्र. एवढंच. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, पोटात कळ आली, तळहात ओले झाले. दीड वर्षानंतर! मी काहीही ‘मनात आणलं’ नव्हतं. मेंदूनं पन्नीचा आवाज ओळखला होता आणि मला न विचारता तयारी सुरू केली होती. तलफ म्हणतात ती हीच. मी उठून आईजवळ जाऊन बसलो आणि तिला सांगितलं. पंधरा-वीस मिनिटांत ओसरली. तलफ बहुधा ओसरतेच, लाटेसारखी. हे मला सहाव्या प्रयत्नानंतर एका समुपदेशकांनी शिकवलं. त्याआधीच्या पाच वेळा मला वाटायचं, ती चढतच जाणार, मी मरेपर्यंत.

जागेचा, आवाजाचा, सोबतीचा हा धागा किती घट्ट असतो, त्याचं मोठं उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं आहे. तिथल्या अमेरिकी सैनिकांत हेरॉईन सर्रास होतं. १९७१ मध्ये परतलेल्यांचा अभ्यास ली रॉबिन्स या बाईंनी केला. जवळपास पाचातल्या एकानं तिथे व्यसन जडल्याचं सांगितलं होतं. सगळ्यांना वाटलं, आता देशभर गर्दुल्ले होणार. परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतल्या सुमारे ५ टक्क्यांनाच पुन्हा व्यसन लागलं. जंगल मागे राहिलं, भीती मागे राहिली, माल आणून देणारा मागे राहिला. आम्ही मात्र उपचार केंद्रातून सुटतो ते थेट त्याच खोलीत, त्याच जिन्यावर, त्याच फोन नंबरांत. मग घसरलो की तुम्ही म्हणता, ‘कुत्र्याचं शेपूट’.

गर्दुल्ला हा शब्द वर मीच वापरला. मला चालतो, मी होतो. तुम्ही माइकवर वापरू नका. समोर बसलेल्या एखाद्या पोरीचा भाऊ त्या शब्दात बसत असतो, आणि तो शब्द ऐकल्यावर ती तुमच्यापाशी येऊन काही बोलणार नाही.

आता माझ्या मित्राचं.

तो चाळीस दिवस उपचार घेऊन बाहेर आला. वजन वाढलं होतं, गालांवर रंग होता. जुन्या संगतीत नको म्हणून घरच्यांनी त्याला दूर, नात्यातल्या एका कुटुंबाकडे पाठवलं. विचार योग्यच होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यानं कुठून तरी मिळवलं, पूर्वी घ्यायचा तेवढंच घेतलं आणि त्या दिवशी सुईनं घेतलं. रात्री साडेनऊच्या सुमाराला त्याच्या काकूंना खोलीतून घोरण्याचा आवाज आला. खोल, घरघरणारा, मध्येच थांबणारा. काकूंनी दार थोडं ढकलून बघितलं. पोरगं उताणं झोपलंय. किती दिवसांनी असा गाढ झोपलाय, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी दिवा घालवला, दार अलगद लोटलं आणि घरातल्यांना हळू बोला म्हणाल्या.

हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, तेराव्या दिवशी. ‘अलगद’ हा शब्द त्यांचाच.

ते घोरणं नव्हतं. अफूवर्गातले पदार्थ मेंदूच्या देठातल्या श्वासाच्या केंद्राला गुंगी आणतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की ‘श्वास घे’ असा जो हुकूम सुटतो, तो सुटेनासा होतो. जीभ आणि घसा सैल पडतात आणि उरलेली थोडी हवा त्यातून घरघरत जाते. चाळीस दिवसांपूर्वी तेवढं प्रमाण त्याला झेपत होतं, कारण शरीराला सवय होती. ती सवय चाळीस दिवसांत उतरली होती. डोक्यात मात्र जुनंच माप होतं. उपचारानंतरचे, तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे गर्द घेणाऱ्याच्या आयुष्यातले सर्वांत धोक्याचे असतात ते यामुळे. त्यात जागा नवी. शेपर्ड सीगल या शास्त्रज्ञानं १९८२ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग मी नंतर वाचला. नेहमी एकाच खोलीत हेरॉईन देऊन सवय लावलेल्या उंदरांना शेवटी मोठी मात्रा दिली. त्याच ओळखीच्या खोलीत दिली तेव्हा ३२ टक्के मेले. तीच मात्रा वेगळ्या खोलीत दिली तेव्हा ६४ टक्के. ओळखीची जागा दिसली की शरीर आधीच सावरून बसतं, नवीन जागेत ते बेसावध असतं. मित्राला दूर पाठवताना हे कुणाला माहीत होतं? त्याला स्वतःलाही नव्हतं.

त्या सभागृहात दीड तास आम्हाला प्रेतं दाखवली होती. माणूस प्रेत होण्याआधी अर्धा-पाऊण तास कसा दिसतो आणि कसा ऐकू येतो, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

ते सांगा. हाक मारून, हलवून उठत नाही. छातीच्या मधल्या हाडावर बोटांची पेरं जोरात रगडली तरी उठत नाही. ओठ आणि नखं निळी-करडी. बाहुल्या टाचणीएवढ्या. श्वास मिनिटाला बारा ते वीस असायला हवेत, ते मोजता मोजता मध्ये लांब खंड पडतोय, घरघर ऐकू येतेय. मग त्याला झोपू देऊ नका, आणि ‘उतरेल आपोआप’ म्हणून एकटं सोडू नका. गार पाण्याखाली धरू नका, मारू नका, तोंडात काही ओतू नका. आधी रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल आणि तोंडानं श्वास कसा द्यायचा हे तुम्हाला येत असेल, तर तो द्या. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. नालॉक्सोन नावाचं औषध आहे, १९६१ मध्ये तयार झालेलं. इंजेक्शननं किंवा नाकात फवाऱ्यानं देतात. ते त्याच कुलपांत शिरून गर्दला बाहेर ढकलतं आणि माणूस काही मिनिटांत श्वास घेऊ लागतो. पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, गर्द मात्र अंगात तसंच असतं. म्हणून उठून बसला तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच. आणि खरं सांगायचं. ‘काहीतरी खाण्यात आलं’ नाही, काय घेतलं आणि किती, ते सांगायचं. मुलं पोलिसांच्या भीतीनं पळून जातात. तुमच्यापैकी जे गणवेशात असतात, त्यांनी इथे एक वाक्य स्वतः बोलावं: “आधी फोन करा.” तुमच्या तोंडून त्याचं वजन वेगळं पडतं.

उपचारांबद्दल थोडंसंच. न्यूयॉर्कमध्ये १९६०च्या दशकात डोल आणि निस्वँडर या डॉक्टर जोडीनं मेथाडोन हे अफूवर्गातलंच औषध देऊन हेरॉईनच्या रुग्णांना सावरलं, तेव्हापासून हा मार्ग आहे. पुढे ब्युप्रेनॉर्फिन आलं, जिभेखाली विरघळणारी गोळी. ती तलफ आणि टर्की थोपवते, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तिचा असर वाढत नाही. मी ती तीन वर्षं घेतली. काही जण मला म्हणतात, मग तू तेव्हा क्लीन नव्हतासच, एक नशा सोडून दुसरी धरलीस. व्यासपीठावरही हे ऐकलंय मी, एका फार आदरणीय तोंडून. त्या तीन वर्षांत मी नोकरी धरली, वडिलांचं आजारपण काढलं, कर्ज फेडलं. या औषधांवर असताना मरणाचं प्रमाण लक्षणीय घटतं, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. तेव्हा हे वाक्य बोलण्यापूर्वी समोरच्या गर्दीत एखादा त्या गोळीवर तगून असेल, हे ध्यानात असू द्या. आणि घसरण्याबद्दल: उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांचं दुखणं उपचारांतला नेम चुकल्यानं उलटण्याचं प्रमाणही यापेक्षा कमी नाही. त्यांना कुणी शेपूट म्हणत नाही.

अलीकडे मीही बोलायला जातो. चित्रं दाखवत नाही. शेवटची वीस मिनिटं मोकळी ठेवतो, चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न विचारायला. गेल्या महिन्यात एका ठिकाणी सगळे पांगल्यावर एक मुलगी दाराशी रेंगाळत होती. पंधरा-सोळा वर्षांची असेल. स्वतःबद्दल काही बोलली नाही, घरच्या कुणाबद्दलही नाही. तिनं विचारलं, “दोन श्वासांच्या मध्ये किती सेकंद गेले की घाबरायचं?”

मी सांगितलं, शांत बसलेल्या माणसाचा श्वास तीन ते पाच सेकंदांनी येतो. त्याहून लांब खंड पडायला लागला आणि हाकेला ओ नसेल, तर मोजत बसायचं नाही, फोन करायचा. तिनं पेन काढून तळहातावर ‘५’ लिहिलं. मग विचारलं, “आणि कुशीवर कुठल्या बाजूला?”

“कुठल्याही,” मी म्हणालो. तिथेच, सभागृहाच्या फरशीवर, मी आडवा झालो आणि तिला मला वळवायला लावलं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा नीट जमलं.

आपला,
एक माजी श्रोता